बोंडअळीचा धडा आणि रायपूरचे धान

२००२ या एकाच वर्षात मध्य भारताच्या शेतीत दोन परस्परविरोधी घटना घडल्या. मार्चमध्ये केंद्र सरकारच्या समितीने महिको-मोन्सँटोच्या तीन बीटी कापूस संकरित वाणांना लागवडीची परवानगी दिली. वर्षअखेरीस रायपूर येथील इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय व सिंजेंटा ही स्विस कंपनी यांच्यात होऊ घातलेला करार उघडकीस आला. डॉ. रिछारिया यांच्या परिश्रमातून छत्तीसगढच्या गावोगावी जमा झालेल्या सुमारे १९ हजार भातवाणांचा ठेवा या कंपनीस खुला होणार होता. शेतकरी, विद्यार्थी व जनसंघटनांनी प्रखर विरोध केला आणि डिसेंबरात कंपनीला माघार घ्यावी लागली. या विरोधाचे मोल जोखावयाचे असेल, तर शेजारच्या विदर्भातील कापसाच्या शेतात किडामुंगीच्या पातळीवर काय घडले ते पाहिले पाहिजे.

बीटी कापसातील प्रथिन अळीवर्गीय किडींच्या आतड्यावर आघात करते. ढालकिडे, कोळी वा मधमाश्या यांना त्याने थेट इजा झाल्याचे बहुतेक प्रयोगांत आढळलेले नाही. प्रारंभी बोंडअळीवरील फवारण्या घटल्या आणि फवारणी घटली की मित्रकीटक वाढतात, असे उत्तर चीनमधील निरीक्षणांवरून २०१२ साली प्रसिद्ध झाले. हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न हे प्रथिन कोणत्या रूपात व कोणाच्या नफ्याच्या हिशेबाने शेतात आले, हा आहे.

इतर देशांत हे जनुक प्रामुख्याने सरळ वाणांत आले. भारतात ते संकरित वाणांत घालण्यात आले. संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते, यातच कंपन्यांचा स्वार्थ होता. हजाराहून अधिक बीटी वाणांना मंजुरी मिळाली. त्यांतील कित्येक तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी अशा रसशोषक किडींना सहज बळी पडणारे होते. या किडींना तोंड देणारा देशी कापूस मात्र शेतातून जवळजवळ हद्दपार झाला. शिवाय दीर्घ मुदतीची पऱ्हाटी आणि त्यावर फरदड, यांमुळे गुलाबी बोंडअळीला महिनोन्महिने अन्न मिळत राहिले. एका जनुकाचे बीटी गुजरातच्या काही जिल्ह्यांत निष्प्रभ झाल्याचे खुद्द मोन्सँटोने २०१० साली मान्य केले. २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात दोन जनुकांचा कापूसही किडला. मग दोष आला शेतकऱ्याच्या माथी: त्याने भोवताली बिगर-बीटी कापसाच्या ओळी लावल्या नाहीत! दोन-तीन एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा हिस्सा अळ्यांच्या स्वाधीन करावा, या अपेक्षेवर उभे राहिलेले तंत्रज्ञान कोणाच्या शेतासाठी बनले होते, हे निराळे सांगावयास नको.

पिठ्या ढेकणाची कथा तर विशेष बोलकी आहे. परदेशातून आलेल्या या किडीने २००५ नंतर कापूस पट्ट्यात थैमान घातले आणि शेतकऱ्यांनी जहाल कीटकनाशके ओतली. पुढे तिला आवर घालण्यात मोठा वाटा ठरला तो एनासियस नावाच्या, तिच्या शरीरात अंडी घालणाऱ्या इवल्याशा गांधीलमाशीचा. या मजुरणीला कोणी पेटंट घेतले नव्हते. विषारी फवाऱ्याने पहिला बळी तिचाच जात होता.

कीटकनाशकांवरील खर्च आज बीटीपूर्व काळापेक्षाही अधिक असल्याचे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले. २०१७ च्या खरिपात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसजण मृत्युमुखी पडले. त्यांत पाठीवर पंप घेऊन रोजाने राबणारे शेतमजूर होते.

भाताच्या शेतातही हेच नियम लागू आहेत. गादमाशीने प्रतिकारक वाणांवर मात करण्याचा अनुभव भातसंशोधनास जुनाच आहे. अंदाधुंद फवारणीने कोळी मेले की तपकिरी तुडतुडे फोफावतात, हेही शेतकरी जाणतो. रायपूरनजीक बरोंडा येथे पिकांवरील कीड-रोगांच्या व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था उभी आहे आणि रिछारियांचा वारसा विश्वविद्यालयाच्या शीतगृहात आहे. सार्वजनिक पैशांतून चाललेल्या या दोन्ही संस्थांनी कीडप्रतिकारक वाण एका हंगामाच्या उत्पन्नावरून नव्हे, तर दहा वर्षांत शेतातील मित्रकीटकांचे काय झाले यावरून तपासावा. आणि शीतगृहातील धान गावच्या शेतकऱ्याला पेरण्यास, जतन करण्यास व देवाणघेवाण करण्यास विनामूल्य परत मिळावे, अशी व्यवस्था राज्य सरकारने तातडीने करावी.