चकवा दाखवा, पण जुन्या गावठाणात भूत शोधू नका

परवा एका पोरानं रील पाठवली. रात्रीची वेळ, मोबाईलचा टॉर्च, हलता कॅमेरा, धापा टाकल्याचा आवाज. वर लिहिलेलं, ‘भुताचं गाव, खरी घटना’. दगडांचे ढीग अन् वेड्या बाभळी दिसल्या आणि लगेच ओळखलं. हे आपल्या लोहारा भागातलं, भूकंपात पडलेलं जुनं गावठाण.

भुताच्या गोष्टींचं मला वावडं नाही, हे आधीच सांगतो. ‘माणसं गायब झाली, त्यांचा कॅमेरा सापडला, त्यात हे होतं’ असं भासवणारे फाउंड फुटेज भयपट मी आवडीनं बघतो. १९९९ च्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’मध्ये तीन पोरं अमेरिकेतल्या जंगलात दिवसभर एका दिशेनं चालतात आणि शेवटी पुन्हा त्याच जागी येतात. सगळं जग घाबरलं. आपल्याकडं याला एकच शब्द आहे, चकवा. रात्री पिकाला पाणी द्यायला गेलेला माणूस पहाटेपर्यंत स्वतःच्याच बांधाला फेऱ्या मारत राहिला, ही गोष्ट कोणत्याही पारावर ऐकायला मिळते.

मराठी पडद्यावरची भुतं बहुतेक कोकणात राहतात. ‘रात्रीस खेळ चाले’नंतर तर जास्तच. आपल्या मुलखाची भीती वेगळी आहे. इथं झाडी नाही, उघडं माळरान आहे. लांब एक दिवा दिसतो आणि कितीही चाला, जवळ येत नाही. विहिरीत साती आसरा आहेत. ‘लपाछपी’त दाखवला तसा उसाचा फड आहे, दोन पावलांत वाट बुजवणारा. नळदुर्गच्या किल्ल्यात, बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. आत उभं राहिलं की वरून पडणाऱ्या पाण्यापुढं दुसरं काही ऐकू येत नाही. कॅमेऱ्याला आणखी काय पाहिजे? आणि या गोष्टींना कामही होतं. आसरांच्या भीतीनं लेकरं विहिरीच्या काठावर जात नव्हती.

पण या प्रकारच्या सिनेमाची सगळी ताकद एका थापेत असते, ‘हे खरंच घडलंय’. ब्लेअर विचची दंतकथा सिनेमावाल्यांनी स्वतः रचलेली होती. तरी लोक मेरीलँडमधल्या बर्किट्सव्हिल गावात धडकले, गावाच्या नावाच्या पाट्यासुद्धा चोरून नेल्या. तिथले मेलेले निदान कल्पनेतले होते.

आपले नाहीत. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. गणपती बुडवून माणसं दमून झोपलेली. जाड दगड-मातीच्या भिंती आणि माळवदाची माती अंगावर आली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांत हजारो माणसं गेली. बावन्न गावं दुसऱ्या जागी नव्यानं वसवावी लागली. मागं राहिलेल्या त्या ढिगाऱ्याला तुम्ही ‘भुताचं गाव’ म्हणता, तेव्हा कुणाच्या तरी आईला, कुणाच्या तरी चार वर्षांच्या पोरीला भूत म्हणता. त्यांचे फोटो नव्या गावातल्या भिंतींवर आहेत. रील त्या घरातल्या मोबाईलवरही जाते.

कुणी म्हणेल, मग भूकंपावर सिनेमाच काढायचा नाही का? जरूर काढा. पण त्यातली भीती भिंतीत आहे, छपराच्या वजनात आहे, ढिगाऱ्याखालून येणारा आणि हळूहळू थांबणारा आवाज ऐकण्यात आहे. ती बाभळीत लपलेल्या हडळीत नाही. आणि ती सांगायचा पहिला हक्क त्या रात्री वाचलेल्यांचा.

म्हणून पोरांनो, चकवा दाखवा, आसरा दाखवा, पाणीमहाल दाखवा. मी पहिल्या रांगेत बसून बघीन. पण जुन्या गावठाणात कॅमेरा न्यायचा असेल, तर रात्री चोरून जाऊ नका. आधी दिवसा नव्या गावात जा. एखाद्या म्हातारीपाशी बसा आणि विचारा, ‘आज्जे, तुमचं घर कुठं होतं?’ ती सांगंल ते ऐकून झाल्यावरही ‘भुताचं गाव’ लिहावंसं वाटलं, तर मला सांगा.