पदवी सारखी, मग मदत वेगळी का?

बारावीचा निकाल लागला की पालक भेटायला येतात. मुलाचा विषय असेल तर विचारतात, कोणत्या कॉलेजात घालू? मुलीचा असेल तर पुष्कळदा वेगळेच विचारतात, "टीचर, घरी बसून पदवी होते ना? ती चालते का?"

चालते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, १९८५ साली सुरू झाले. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चे आणि हैदराबादचे मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ १९९८ चे. तिन्ही सरकारने कायदा करून उभारली. त्यामुळे मराठीतून शिकायचे असो वा उर्दूतून, सोय आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने स्पष्टही केले, की मान्यताप्राप्त संस्थेतून दूरशिक्षणाने घेतलेली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे.

बरोबरी मात्र इथेच थांबते. बारावीत चांगले गुण मिळवणाऱ्या, कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलांसाठी केंद्र सरकारची एक शिष्यवृत्ती आहे. पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. पण अट अशी, की शिक्षण नियमित हवे. पत्रद्वारा किंवा दूरशिक्षणाने शिकणाऱ्याला ती नाही. म्हणजे तेवढेच गुण मिळवलेला मुलगा घर चालवायला लूमवर रात्रपाळी करू लागला आणि दूरशिक्षणाने बी.ए.ला बसला, तर मदत बंद. ज्याला गरज जास्त, तोच बाहेर!

घरी शिकणाऱ्याला खर्च कसला, असे कुणी म्हणेल. फी आहे, परीक्षा शुल्क आहे, अभ्यासकेंद्राला जायचे भाडे आहे, आणि परीक्षेच्या दिवसांत बुडणारी मजुरी आहे. माझी एक जुनी विद्यार्थिनी शिलाईकाम करून शिकत होती. दुसऱ्या वर्षाची फी भरायच्या वेळी घरात आजारपण निघाले आणि तिचे शिक्षण तिथेच थांबले. अभ्यासात ती कच्ची नव्हती.

हजेरी मोजता येत नाही म्हणून मदत देता येत नाही, ही अडचण सुटण्यासारखी आहे. वर्ष पास झाले की त्या वर्षाची फी परत द्यावी. इग्नूमध्ये काही अभ्यासक्रमांना अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना फीमाफी आहे, तुरुंगातील कैद्यांनाही आहे. मनात आणले तर सरकारला जमते. ही मागणी आपल्या आमदार-खासदारांकडे लेखी गेली पाहिजे.

तोवर मुलाबाळांची फसवणूक तरी होऊ देऊ नका. प्रवेशापूर्वी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर त्या सत्रासाठी संस्था आणि तो अभ्यासक्रम, दोन्हींना मान्यता आहे का ते पाहा. २०२४ पासून विद्यार्थ्याला तिथे स्वतःचा डेब आयडी काढावा लागतो. इंजिनिअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी, कायदा यांच्या पदव्या दूरशिक्षणाने देण्याची परवानगी नाही. कुणी एजंट तशी हमी देत असेल तर त्याला पैसे देऊ नका. दहावी-बारावी राहिली असेल तर आधी १७ नंबरचा फॉर्म किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालय, मग पदवी.

आता पालकांशी थोडे स्पष्ट बोलते. ज्या मुलीला कॉलेजात जाता येते, तिला "घरूनच कर" म्हणून थांबवू नका. दूरशिक्षण हे ज्याचे दार बंद झाले त्याच्यासाठी दुसरे दार आहे. पहिले दार आपणच लावून घेण्यासाठी नाही. कॉलेजात मैत्रिणी, ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि चार लोकांत बोलायचा धीर मिळतो. तो टपालाने येत नाही.

आणि ती घरून शिकत असेल तर तिला खरोखर शिकू द्या. पाहुणे, स्वयंपाक, धाकट्यांचे सगळे करून रात्री अकराला पुस्तक उघडायचे, याला शिक्षण म्हणत नाहीत. रोज दोन तास ठरवून द्या. त्या वेळात तिला कुणी हाक मारायची नाही. निकाहाची बोलणी चालू असतील तर देण्याघेण्याबरोबर तिच्या उरलेल्या परीक्षांचेही ठरवा : फी कोण भरणार, केंद्रावर कोण सोडणार. सासरची माणसे समंजस असतील तर आनंदाने हो म्हणतील. नाही म्हणाली, तर तेही आधीच कळलेले बरे.