बांध कोणी राखायचा?

पेण आणि रोहा या तालुक्यांचे वर्णन करताना 'शांत' हे विशेषण हमखास येते. जमिनीच्या जाहिरातींत ते असते, शनिवार-रविवारी मुंबईहून येणाऱ्यांच्या तोंडी असते, आणि खेदाची गोष्ट अशी की आपल्या ललित लेखनातही ते पुष्कळदा त्याच अर्थाने वापरलेले सापडते. ही शांतता कशाची आहे, हे विचारण्याची तसदी फारसे कुणी घेत नाही. सकाळच्या गाड्यांनी तरुण पनवेल-ठाण्याकडे निघून गेलेले असतात. काही धाटावच्या रासायनिक कारखान्यांत, काही डोलवीच्या पोलाद कारखान्यात. पावसाळ्यात खाचरे हिरवी दिसतात, पण ती भातानेच हिरवी असतात असे नाही. गवतही हिरवेच असते.

मराठी वाचकाच्या मनातले कोकण मुख्यतः दक्षिणेचे आहे. पेंडशांनी दापोलीचा परिसर दिला, खानोलकर आणि दळवी यांनी वेंगुर्ल्याकडचा. ग्रामीण साहित्य म्हणून अभ्यासक्रमात आले ते माणदेशाचे किंवा कागलचे. र. वा. दिघे यांनी खोपोलीजवळ राहून 'पाणकळा'सारख्या कादंबऱ्या लिहिल्या, हा रायगडच्या वाट्याचा मोठा अपवाद. पण त्यांची भूमीही मुख्यतः सह्याद्रीच्या पायथ्याची, खाडीकाठची नव्हे. वर्गात शिकवल्या जाणाऱ्या साहित्यात खारेपाट जवळजवळ नाही. या अनुपस्थितीची तक्रार करण्यासाठी हे लिहीत नाही. ग्रामीण कादंबरीने आपल्याला शेतकऱ्याकडे पाहण्याची जी सवय लावली, म्हणजे एक घर, एक जमीन, एक कर्ता पुरुष आणि त्याचे नशीब, ती सवय पेण-रोह्याला लागू पडत नाही, आणि या तालुक्यांच्या भवितव्याची चर्चाही त्याच सवयीने चालते, हा माझा मुद्दा आहे.

खारेपाटाची जमीन निसर्गाने दिलेली नाही, माणसांनी खाडीकडून घेतलेली आहे. भरतीचे पाणी अडवणारा मातीचा बांध, ज्याला बाहेरकाठा म्हणतात, आणि त्यात जागोजागी बसवलेली 'उघडी' नावाची दारे, एवढ्यावर हजारो एकरांचे भात उभे असते. भरतीला खाडीच्या पाण्याच्या दाबाने दार मिटते, ओहोटीला आतले पावसाचे पाणी ते ढकलून बाहेर पडते. व्यवस्था साधी आहे, पण तिला रोजची नजर लागते. खेकडे बांध पोखरतात, लाटा माती खातात, धरमतर खाडीतल्या बार्जांमुळे बांध खचतात अशी गावकऱ्यांची जुनी तक्रार आहे. उधाणाला एका ठिकाणी खांड गेली की खारे पाणी ज्याच्या हद्दीत बांध फुटला त्याच्या खाचरात थांबत नाही. बांधाआडच्या सगळ्या शेतांत शिरते. जमिनीतले मीठ धुऊन निघायला मग काही पावसाळे जावे लागतात. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खारटपणा सोसणारी पनवेल-1, पनवेल-2, पनवेल-3 ही भाताची वाणे तयार केली, ती उपयोगाचीही आहेत; परंतु रोज दोन वेळा भरतीच्या पाण्यात उभे राहील असे भाताचे वाण नाही.

पूर्वी खांड बुजवायला गाव बांधावर जात असे. 1948 साली खार जमिनींचा कायदा झाला, 1979 साली खारभूमी विकासाचा नवा कायदा आला, आणि पुष्कळशा बांधांची जबाबदारी सरकारकडे गेली. खाजगी योजनांचे बांध शेतकऱ्यांकडे राहिले. सरकारी बांधाला निधी मिळाला तर दुरुस्ती. खाजगी बांधाला माणसे उरली तर. फुटलेला बांध तसाच राहिला की आत कांदळवन उगवते, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या 2005 च्या आदेशापासून कांदळवन तोडायला बंदी आहे. किनाऱ्याच्या रक्षणासाठी तो आदेश आवश्यक होता याविषयी मला शंका नाही. पण सात-बारावर भातशेती आणि प्रत्यक्षात जंगल, अशा स्थितीतल्या शेतकऱ्याने पुढे काय करायचे, याचे उत्तर त्या आदेशात शोधून मिळणार नाही. जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर देमाक जिल्ह्यातही भातशेतीची गावे अशीच समुद्राखाली गेली आहेत. तिथले कारण अंशतः वेगळे आहे, जमीनच खचते आहे. पण एका गावाने एकट्याने समुद्र थोपवता येत नाही, हा तिथलाही अनुभव आहे.

म्हणून "त्याने आपल्या मर्जीने जमीन विकली" हे वाक्य इथे अपुरे ठरते. विकणाऱ्याचा निर्णय त्याचा असतो. पण त्याचे शेत बांधाला लागून असेल आणि नव्या मालकाला भाताशी कर्तव्य नसेल, तर आतल्या वीस जणांचे काय, हा प्रश्न खरेदीखतात कुठेच येत नाही. मागच्या पिढ्यांना हे ठाऊक होते. शेजारच्या अलिबाग तालुक्यातल्या चरीचा संप 1933 ते 1939 असा सहा वर्षे चालला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध जमिनी कसायचे नाकारले. उपासमार सोसली, लाकडे विकून दिवस काढले, पण नांगर धरला नाही. जमीन पडीक ठेवणे हे तेव्हा सगळ्यांनी मिळून उचललेले हत्यार होते. आज त्याच पट्ट्यात जमीन पडीक पडते ती एकेकाची, निमूटपणे, आणि तिच्यामागे कोणतीही मागणी नसते.

अलीकडच्या काळात या भागाला एकत्रितपणे काही विचारले गेले ते एकदाच. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी घेण्याचे ठरले, विरोध झाला, प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखे नेते त्यात उतरले, आणि 21 सप्टेंबर 2008 रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या पेण तालुक्यातील 22 गावांत जनमत घेतले गेले. अशा प्रश्नावर शेतकऱ्यांचे मत मतपत्रिकेने घेण्याचा हा देशातला अगदी विरळा प्रसंग. बहुसंख्य मते विरोधात गेल्याचे सगळीकडे छापून आले. अधिकृत निकाल मात्र जाहीर झाला नाही. 2011 पर्यंत भूसंपादन बारगळले. (मत होते ते जमीनधारकांचे. ज्यांच्या नावावर काहीच नाही आणि जे दर हिवाळ्यात वीटभट्ट्यांवर निघून जातात, त्या कातकऱ्यांना तेव्हाही कुणी विचारले नव्हते.) दुर्दैवाने जिंकलेल्या गावांना धरणाचे पाणी पुरेसे मिळाले नाही. हेटवण्याचे पाणी नवी मुंबईच्या वसाहतींना जाते, आणि वाशी-वडखळकडच्या खारेपाटात उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात.

रोह्यात बांधाची जागा कालव्याने घेतली आहे. मुळशीच्या धरणाचे पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजगृहात उतरते, तिथून कुंडलिकेत येते, आणि डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यांनी रोहा-माणगावच्या शेतांत जाते. मुळशीच्या मावळ्यांची भाते ज्या धरणाने बुडाली, ज्यासाठी सेनापती बापटांनी 1921 पासून सत्याग्रह चालवला, त्याच पाण्यावर रोह्याचे उन्हाळी भात पिकले. या योगायोगावर एखाद्या कादंबरीकाराची नजर का पडली नाही, याचे मला नवल वाटते. आज कोलाडला त्या पाण्यावर तराफ्यांचा खेळ चालतो, पर्यटक येतात, चार जणांना रोजगार मिळतो; त्यात वाईट काही नाही. परंतु कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचत नाही, ही तक्रार वर्षानुवर्षे तशीच आहे. कालवाही बांधासारखाच. मधल्या गावांनी शेती सोडली की त्याची साफसफाई थांबते, आणि टोकाच्या गावाला शेती करायची इच्छा असली तरी ती करता येत नाही.

भवितव्य म्हणून इतर गोष्टीही सांगितल्या जातात. पेणच्या हमरापूर-जोहे पट्ट्यात गणेशमूर्तींच्या कारखान्यांनी तरुणांना गावात ठेवले आहे, पेणचे पोहे-पापड नावाजलेले आहेत, भात कापल्यावर ओलीवर येणारा वाल आणि त्याची थंडीतली पोपटी आता शहरातही मिरवते. हे सारे खरे आहे. वाल मात्र भाताच्या मागून येतो. भातच नसेल तर पोपटीच्या शेंगा बाजारातून आणाव्या लागतील.

अटल सेतू 2024 साली सुरू झाला, नवी मुंबईचे विमानतळ 2025 साली. 'तिसरी मुंबई' या नावाने उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली 124 गावे नव्या नगराच्या आराखड्यात घेतली गेली आहेत. तरुणांना शहर हवे असेल तर त्यांना शेतात अडकवून ठेवण्याचा हक्क कोणाला नाही, निदान शहरात बसून गावाचे गोडवे गाणाऱ्यांना तर नाहीच. पण भरपाईचा विचार गुंठ्यागणिक होतो, आणि बाहेरकाठ्याची मोजणी गुंठ्यांत होत नाही. आराखड्याबाहेर राहणाऱ्या गावांचे बांध कोण राखणार, कोणत्या खात्याच्या पैशाने, आणि भराव घातलेल्या शेजाऱ्याचे पावसाचे पाणी कोणत्या उघडीतून बाहेर जाणार, हे प्रश्न 2008 सारखेच गावागावांत जाऊन, आणि या खेपेस सात-बारा नसलेल्यांनाही, विचारले गेले पाहिजेत. तेही उधाणाची भरती येण्याआधी.