नावेचे भाडे आणि पुलाची उंची

जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यातील गणपूर येथे वैनगंगेच्या पात्रात नाव उलटली. मिरची तोडण्याच्या मजुरीसाठी पलीकडच्या चंद्रपूर जिल्ह्याच्या तीरावर निघालेल्या शेतमजूर स्त्रिया त्या नावेत होत्या. त्यांपैकी बहुतेक परत आल्या नाहीत. वृत्तपत्रांनी ही घटना 'नदीतील अपघात' म्हणून नोंदविली आणि काही दिवसांनी विषय मागे पडला. आमच्या मते तो नदीतील अपघात नव्हता. तो रस्त्यावरील अपघात होता. फरक एवढाच की, शासनाने हा रस्ता कधी बांधला नाही आणि तो रस्ता आहे हेही कधी मान्य केले नाही.

कुरखेड्याच्या वाचकाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. सतीला पूर चढला आणि नाले भरून वाहू लागले की पलीकडची गावे पलीकडे राहतात. शाळा, शिधावाटप दुकान, बँक आणि उपजिल्हा रुग्णालय अलीकडे असते; गरज मात्र पलीकडे असते. दक्षिणेस भामरागडला पर्लकोटेचे पाणी पुलावरून वाहू लागते आणि तालुक्याचा संपर्क तुटतो. जुलै २०२४ मध्ये त्याच भागात एका गर्भवती स्त्रीला जेसीबी यंत्राच्या बादलीत बसवून पुराचा नाला पार करावा लागला. यंत्रचालकाच्या माणुसकीला आम्ही अभिवादन करतो. पण जेथे माती उचलण्याचे यंत्र हेच रुग्णवाहिकेचे काम करते, तेथील दळणवळणाच्या व्यवस्थेचा विचार माणुसकीच्या भरवशावर सोडता येणार नाही. त्यासाठी दोन साधे प्रश्न विचारावे लागतील. नावेचे भाडे कोण ठरवितो? आणि पुलाची उंची कोण ठरवितो?

प्रथम भाड्याचा विचार करू. ब्रिटिश अमदानीत मध्य प्रांताला, म्हणजे तेव्हाच्या चांदा जिल्ह्यालाही, १८७८ चा उत्तर हिंदुस्थान नावघाट कायदा लागू होता. या कायद्याने सरकारी घाटांवरील भाडे हे महसुलाचे एक साधन ठरले. घाटाचा जाहीर लिलाव करावा, ज्याची बोली मोठी त्याला मक्ता द्यावा, आणि मक्तेदाराने उतारूंकडून वसुली करावी, अशी त्याची रचना होती. सरकारी घाटापासून दोन मैलांच्या आत परवानगीवाचून दुसरी नाव चालविण्यास बंदी होती. म्हणजे मक्तेदाराला नदीचा एकाधिकार मिळे. माणसे, जनावरे, गाड्या, सर्वांवर भाडे होते. सरकारी कामावर निघालेल्यांना मात्र सूट होती! ज्याला पगार व प्रवासभत्ता आहे तो फुकट जाणार आणि ज्याच्या डोक्यावर धान्याचे गाठोडे आहे तो पैसे मोजणार, हा त्या कायद्याचा न्याय होता. परक्या सरकारकडून याहून वेगळी अपेक्षा नव्हती. प्रश्न असा आहे की, स्वराज्यात ही दृष्टी किती बदलली?

कागदावर ती बदलली आहे. घटनेच्या सातव्या परिशिष्टातील राज्यसूचीत तेरावी नोंद आहे. तीत रस्ते, पूल आणि नावघाट एकाच दमात सांगितले आहेत. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून पंचायतींसाठी जे अकरावे परिशिष्ट आले, त्याच्याही तेराव्या नोंदीत रस्ते, मोऱ्या, पूल, नावघाट आणि जलमार्ग शेजारी शेजारी आहेत. म्हणजे घटनेच्या दृष्टीने नाव ही रस्त्याची सख्खी बहीण आहे. रस्त्यावरून चालताना गावकऱ्याला पैसे द्यावे लागत नाहीत. पुलावरून पायी जाताना कोणी पावती फाडीत नाही. मग ज्या गावाला पूल मिळालेला नाही, त्याच गावाने नदी ओलांडण्याचे पैसे का द्यावेत? ज्याला शासनाने काही दिले नाही त्याच्याकडूनच मोल घ्यायचे, हा उलटा न्याय आहे. नावेचे भाडे म्हणजे पूल नसण्याबद्दलचा दंड होय, आणि तो दंड चुकणाऱ्या शासनाने न भरता ज्याचे नुकसान झाले आहे त्या गरीब माणसाने भरावयाचा आहे.

ही रक्कम क्षुल्लक आहे, असे सुखवस्तू माणसाला वाटेल. १९६३ साली डॉ. राममनोहर लोहिया यांनी लोकसभेत तीन आण्यांचा हिशेब मांडला, तेव्हाही अनेकांना तो क्षुल्लकच वाटला होता. आपणही एक हिशेब करून पाहू. समजा, एका फेरीला दहा रुपये पडतात. जाऊन येऊन वीस रुपये झाले. मिरचीच्या हंगामात महिनाभर काम मिळाले तर सहाशे रुपये झाले. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. याचा अर्थ, महिन्यातील जवळजवळ दोन दिवस ती स्त्री केवळ कामावर पोहोचण्यासाठी राबते. मार्च २०२३ पासून एस. टी.च्या गाड्यांत स्त्रियांना अर्ध्या तिकिटाची सवलत मिळाली. त्या निर्णयाचे आम्ही स्वागत करतो. परंतु जिच्या गावापर्यंत एस. टी. येतच नाही, तिला या सवलतीचा उपयोग काय? एस. टी. जेथे थांबते तेथे नाव सुरू होते, आणि सवलत मात्र एस. टी.बरोबरच थांबते.

येथे एक इशारा देणे आम्हाला आवश्यक वाटते. भाड्याविरुद्ध बोलताना आपला राग नावाड्यावर निघता कामा नये. आपल्या जिल्ह्यांत डोंगा चालविणारा माणूस बहुधा ढीवर समाजातील, मासेमारीवर कसाबसा जगणारा श्रमिक आहे. भाड्याच्या चार पैशांतूनच त्याला डोंग्याची डागडुजी करावयाची असते आणि घरही चालवावयाचे असते. एका फेरीत दोन माणसे अधिक घेण्याचा मोह त्याला होतो. त्याला लोभ म्हणणे सोपे आहे, पण त्यामागे दारिद्र्य असते. नावेतील मजूर आणि वल्हे मारणारा नावाडी यांना एकमेकांशी दोन-चार रुपयांसाठी भांडावयास लावून शासन मात्र काठावर उभे आहे. नावाड्याला मासिक वेतन मिळाले, तर तो जादा माणूस चढवू देणार नाही. सुरक्षिततेचा प्रश्न आणि मजुरीचा प्रश्न येथे एकच आहे.

आता उंचीचा विचार करू. आपल्या भागात ज्याला लोक ठेंगणा पूल म्हणतात, तो चुकून ठेंगणा झालेला नसतो. पुरात बुडेल असा पूल आणि महत्तम पूरपातळीच्या वर राहील असा पूल, हे दोन वेगळे प्रकार अभियंत्यांना ठाऊक असतात. पहिला स्वस्त पडतो. वर्षातून काही वेळा रहदारी बंद राहील, हे तो बांधतानाच गृहीत धरलेले असते. पण कोणाची रहदारी? मोटारीने जाणारा दुसऱ्या रस्त्याने वळसा घेतो. प्रसववेदना सुरू झालेली स्त्री वळसा घेऊ शकत नाही. रस्त्याचे महत्त्व ठरविताना रहदारी मोजतात, तीही वाहनांच्या मापाने. मोटार, मालमोटार, बैलगाडी, सायकल यांना त्या मापात स्थान आहे, पायी चालणाऱ्याला नाही. आणि जेथे रस्ता पाण्याशीच संपतो, तेथे मोजावयास तरी कोण उभा राहणार? पूल नाही म्हणून रहदारी नाही आणि रहदारी नाही म्हणून पूल नाही, अशा या चक्रात आदिवासी गावांच्या पिढ्या गेल्या. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. कारभार लोकांच्या जवळ यावा हा त्यामागील उद्देश होता. कचेरी जवळ आली. मधली नदी तेथेच आहे.

शासनाजवळ कल्पकता नाही असे मात्र म्हणता येणार नाही. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले. पलंग, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर असलेल्या मोटारगाडीतून हिंडणाऱ्या प्रवाशांसाठी तळ उभारावेत आणि त्या उद्योगाला सवलती द्याव्यात, असे ते धोरण आहे. मार्च २०२० मध्ये मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्यास मोटारी वाहून नेणारे जहाज सुरू झाले; त्यासाठी धक्के सार्वजनिक पैशातून उभे राहिले. अशा जहाजांवर चढताना गाडीची लांबी किती, उंची किती, छतावरचे सामान डेकला लागेल काय, याचा बारकाईने विचार होतो, आणि तो व्हावयासही हवा. सहलीला जाणाऱ्यांविषयी आमचे वैर नाही. आमचे म्हणणे एवढेच की, चाकांवरच्या घराची उंची मोजणाऱ्या शासनाने डोंग्याच्या काठापासून पाणी किती बोटे खाली आहे, हेही एकदा मोजावे.

अन्यत्र काय घडते तेही पाहण्याजोगे आहे. शेजारच्या गोव्यात फेरीबोटी सरकारचे नदी परिवहन खाते चालविते आणि पायी उतारूंकडून भाडे घेत नाही. २०२३ साली दुचाकींवर भाडे बसविण्याचा व चारचाकींचे भाडे वाढविण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा बेटांवरील लोकांनी विरोध केला आणि सरकारला थांबावे लागले. दूर स्कॉटलंडमध्ये २००८ पासून पश्चिमेकडील बेटांच्या मार्गांवर एक तत्त्व प्रयोगादाखल लागू झाले व पुढे ते इतर मार्गांवरही आले. तेवढेच अंतर रस्त्याने जाण्यास जो खर्च येईल, त्याच्याशी बोटीचे भाडे जोडावयाचे, हे ते तत्त्व होय. बेटावर जन्मलेल्या माणसाला पाण्याबद्दल शिक्षा असू नये, असा त्याचा अर्थ आहे. ते तत्त्व वैनगंगेला लावले, तर अर्ध्या-पाऊण किलोमीटरच्या पात्राचे भाडे किती येईल? शून्याच्या इतके जवळ की, ते वसूल करण्याचा खटाटोपही परवडू नये.

पैसा नाही, हे नेहमीचे उत्तर आहे. परंतु सुरजागडचे लोहखनिज बाहेर काढण्यासाठी चौपदरी सिमेंट रस्त्याला शासनाने २०२५ साली मंजुरी दिली. खनिजाच्या वाटेत नदी आली की पूल होतो, आणि तो ठेंगणा होत नाही. २०१५ साली खाण कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार खाणींच्या उत्पन्नातून जिल्हा खनिज प्रतिष्ठानात निधी जमा होतो. खाणबाधित क्षेत्रासाठी असलेल्या या निधीच्या मार्गदर्शक सूचनांत रस्ते, पूल व जलमार्ग यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे पैसाही आहे आणि तो खर्च करण्याची वाटही आहे. ज्या डोंगरातून हे धन निघते, त्याच्या पायथ्याच्या माणसाचा त्यावर पहिला हक्क आहे, हे मान्य करण्याची तयारी तेवढी नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. दोन्ही जिल्ह्यांतील प्रत्येक चालू घाटाची नोंद करून तो सार्वजनिक घाट म्हणून जाहीर करावा. मक्त्याची पद्धत जेथे असेल तेथे ती बंद करावी. मजूर, विद्यार्थी, रुग्ण आणि बाजाराला जाणारे शेतकरी यांच्याकडून भाडे घेऊ नये. नावाड्याला जिल्हा परिषदेने वेतन द्यावे. प्रत्येक नावेवर उतारूंची संख्या ठळक मराठीत आणि जेथे गरज आहे तेथे गोंडी व तेलुगूतही लिहावी, भाराची रेघ रंगवावी, आणि जीवरक्षक जाकिटे काठावरच्या खोलीत कुलुपात न ठेवता नावेत ठेवावीत. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने बिनयंत्राच्या नावांचे काम स्थानिक संस्थांकडे सोपविण्याची तरतूद केली आहे. तिचा उपयोग करावा. आणि यापुढे अनुसूचित क्षेत्रात पूल बांधावयाचा तर तो पूरपातळीच्या वर असावा. पूल पूर्ण झाल्यावर नावाड्याला दुसरे काम देण्याची जबाबदारीही शासनाची राहील. पूल बांधणे दूर असेल तेथे नाव आजच सुरक्षित करता येते, तिला वर्षानुवर्षांच्या मंजुऱ्या लागत नाहीत.

या मागण्या केवळ निवेदनात लिहून भागणार नाही. कुरखेडा, कोरची, धानोरा या तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी आपापल्या भागातील घाट आणि ठेंगणे पूल स्वतः पाहावेत. दिवसाला किती माणसे उतरतात, भाडे किती, नाव किती जुनी, गेल्या पावसाळ्यात पूल किती दिवस पाण्याखाली होता, याची वही ठेवावी. सरकारी मोजणीत पायी माणूस बसत नसेल, तर ती मोजणी आपण करावी. मग ती वही ग्रामसभेपुढे ठेवून ठराव करून घ्यावा. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला बळ दिले आहे. याच भागातील मेंढा (लेखा) या गावाने आपल्या वनहक्काच्या बळावर स्वतःचा बांबू स्वतः विकून दाखविला. जंगलावर हक्क सांगणारी ग्रामसभा नदीच्या वाटेवरही हक्क सांगू शकते. हा ठराव घेऊन नावाडी आणि मजूर एकत्र जिल्हा परिषदेच्या दारात उभे राहिले, तर त्यांना परतविणे सोपे जाणार नाही.

गणपूरच्या त्या स्त्रिया कोणाकडे दान मागावयास निघाल्या नव्हत्या. त्या कामाला निघाल्या होत्या. कामाला जाणाऱ्या माणसाला धडपणे पोहोचविणे आणि धडपणे परत आणणे, एवढे किमान कर्तव्य जे राज्य पार पाडीत नाही, त्याच्या विकासाच्या गप्पांवर आम्ही विश्वास ठेवू शकत नाही. पुढच्या पावसाळ्याआधी निदान नावेतली माणसे मोजली जावीत. ती सुखरूप पलीकडे उतरली की नाही, हे विचारण्याचे काम आपल्याला करावयाचे आहे.