शॉकअपच्या आधी फूटपट्टी

लोअर केलेली पिकअप दणके मारते अशी तक्रार आली की गॅरेजमध्ये पहिला हात शॉकअपकडे जातो. महागातली जोडी बसते, बिल होते, आणि आठवडाभरात गिऱ्हाईक त्याच खड्ड्याची तीच तक्रार घेऊन पुन्हा दारात उभे राहते. या अंकातला मुख्य लेख अमेरिकेतल्या अशा पिकअपवर आहे. तो आपल्या मासिकात कशाला, असे काही वाचक विचारतील. त्याचे उत्तर आधीच देतो.

हा शौक तिथलाच. गाडी किती खाली न्यावी यावर कॅलिफोर्नियात १९५८ साली कायदा आला: चाके सोडून गाडीचा कुठलाही भाग रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली असता कामा नये. पुढच्याच वर्षी रॉन अग्विरे या पठ्ठ्याने आपल्या कॉर्वेटला विमानातले हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसले की गाडी वर, गेले की खाली. (ते कलम २०२४च्या सुरुवातीला रद्द झाले.) १९८०च्या दशकात जपानी छोट्या पिकअप, शेव्हर्ले एस-१०, फोर्ड रेंजर या गाड्या लोअर करण्याची लाट आली. हौस मालकांची होती, पण गाडी पुन्हा बसण्यालायक करण्याची डोकेफोड गॅरेजवाल्यांच्या वाट्याला आली. आपल्या कामाचा भाग तो आहे.

मागचा अ‍ॅक्सल मुळात पाट्यांच्या खाली असेल तर तो काढून पाट्यांच्या वर बसवतात. तिकडे याला ‘फ्लिप’ म्हणतात. अ‍ॅक्सलच्या नळीची आणि पाट्यांच्या गठ्ठ्याची जाडी मिळून गाडी पाच-सहा इंच खाली येते. पाटे तेच, त्यांची ताकद तीच. मग गाडी कडक का लागते? पाटा कडक झालेलाच नसतो, अ‍ॅक्सल आणि चासी यांच्यातली जागा संपलेली असते. समजा, अ‍ॅक्सलपासून रबर स्टॉपपर्यंत मुळात चार इंच होते आणि ठोकळा घालून गाडी तीन इंच खाली घेतली. उरला एक इंच. आता चाक दीड इंच उचलले गेले की शेवटच्या चार सुतांत पाट्याला काही करताच येत नाही. अ‍ॅक्सल रबरावर आदळतो आणि दणका थेट चासीत जातो. गिऱ्हाईक याला ‘सस्पेन्शन हार्ड झालंय’ म्हणते. आपण त्याच्या शब्दावर जाऊन मऊ शॉकअप देतो, आणि अ‍ॅक्सल आणखी जोरात आदळतो.

म्हणून आधी पट्टी लावा. गाडी सपाट जागेवर, चाकांवर उभी असताना, रिकामी आणि मग नेहमीच्या भाराची, दोन्ही वेळा अंतर मोजा. शॉकअपचा दांडा उघडा असेल तर त्यावर एक झिप टाय आवळा आणि गाडी गिऱ्हाइकाच्याच रस्त्यावर फिरवून आणा. दांडा कुठवर आत गेला ते झिप टाय दाखवते. गाडी रबरावर आपटते की शॉकअपच आतून तळाला लागतो, हा वाद तिथल्या तिथे मिटतो. मूळ लांबीचा शॉकअप लोअर केलेल्या गाडीत आधीच अर्ध्याहून जास्त दबलेला असू शकतो. तिथे आखूड शॉकअप लागतो, नाहीतर त्याची बैठक हलवावी लागते. ती हलवताना जागेअभावी शॉकअप आडवा पडतो, आणि इथे भलेभले फसतात. ४५ अंशांत कललेला शॉकअप उभ्या दिशेला निम्माच दाब देतो. दोष मात्र कंपनीला दिला जातो.

जागाच उरली नसेल तर ती करावी लागते. अमेरिकेत अ‍ॅक्सलच्या वरची चासी कमानीसारखी कापून तिला जाड पट्टीची जोड देतात, त्याला ‘सी-नॉच’ म्हणतात. काम चांगले झाले तर फरक जमीन-अस्मानाचा पडतो. पण चासी कापण्याचे काम हे वेल्डरचे हौसेचे काम नव्हे. आमच्या मते ज्याला तिथला जोड भाराखाली तपासता येत नाही, त्याने गाडी परत पाठवावी.

पुढच्या बाजूला स्प्रिंगचे वेटोळे कापणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वाईट मार्ग. आठ वेटोळ्यांतले एक कापले की उरलेली स्प्रिंग सुमारे १४ टक्के कडक होते आणि दबायला जागा कमी उरते ती वेगळीच. गॅसने तापवून बसवली तर तिचे पाणीच उतरते. त्यापेक्षा चाकाचा स्टब वर सरकवलेले ड्रॉप स्पिंडल बरे. स्प्रिंग जशीच्या तशी राहते, फक्त चाक वर येते. फोर्डच्या १९६५पासूनच्या ट्विन आय-बीमवाल्या पिकअपला नुसती आखूड स्प्रिंग घातली तर चाके वरून आत झुकतात आणि टायर आतल्या कडेने खाल्ले जातात. तिथे बीमच बदलावा लागतो.

आता आपल्याकडचा मुद्दा. पिकअपचा मागचा पाटा हजार किलोच्या आसपास ओझे डोळ्यांसमोर ठेवून बनतो. रिकाम्या गाडीच्या वजनाने तो जेमतेम दबतो. स्थिर दाब सेंटिमीटरमध्ये घ्या, त्याचे वर्गमूळ काढा आणि पाचाला त्याने भागा: सेकंदाला गाडी किती वेळा हलेल ते कळते. सहा सेंटिमीटरला दोन, पंचवीस सेंटिमीटरला एक. माणसाला एक ते दीड बरे वाटते. आपल्याकडे वर आणखी एक-दोन पाटे चढवण्याची रीत आहे. मग रिकाम्या फेरीत ड्रायव्हरची पाठ दुखते, हे कुठल्या शॉकअपने बरे व्हावे? गंजून एकमेकांना चिकटलेले पाटे, सुकलेले शॅकलचे बुश, रिकाम्या गाडीतही भाराच्या आकड्यावर ठेवलेली मागची हवा, हे आधी पाहा. गाडी थरथरत असेल तर क्रॉस आणि शाफ्टचा कोन तपासा. तो सस्पेन्शनचा दोष नसतो.

गाडी खाली घ्या म्हणून हल्ली व्हिडिओ पाहून तरुण येतात. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ने उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलाला मनाई केली आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये त्यावर शिक्का मारला. शिवाय इंडियन रोड्स काँग्रेसचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर पसरट आहे. आपल्या गावातला कसा आहे, ते वाचकांना सांगायला नको.

लोअर केलेली असो वा पाटे चढवलेली, तुमच्याकडे येणाऱ्या पिकअपचे अ‍ॅक्सल ते स्टॉप हे अंतर रिकामे आणि भरलेले असे इंच-सुतात आम्हाला कळवा. सोबत गाडीचे मॉडेल आणि पाट्यांची संख्या लिहा. पुरेशी मापे जमली की तक्ता छापू.