खेळाडूचें पोट

“खेळून का कोठें पोट भरतें?” हा वडील मंडळींचा प्रश्न आम्हांस सर्वस्वीं अनाठायीं वाटत नाहीं. सी. के. नायडूंचेंच उदाहरण घ्या. जन्म नागपूरचा, ता. ३१ ऑक्टोबर १८९५; घराणें तेलुगुभाषी. सन १९१६ त मुंबईस हिंदु संघाकडून खेळून त्यांनीं लौकिक मिळविला. पण लौकिकानें चूल पेटत नाहीं! १९२३ त तुकोजीराव होळकरांनीं त्यांस इंदुरास नेऊन आपल्या सैन्यांत कॅप्टन केलें, तेव्हां कोठें निर्वाहाची चिंता मिटली. हा हुद्दा बॅटीचाच प्रसाद, हें उघड आहे. आम्हांस त्यांत वावगें दिसत नाहीं. गवयास दरबारीं तनखा मिळे, तर खेळाडूस कां नसावा? त्या स्वास्थ्याचें फळही दिसलें. १९२६ त मुंबईस एम. सी. सी.विरुद्ध दोन तासांच्या आंत १५३ धावा, त्यांत ११ षट्कार. १९३२ त लॉर्ड्सवर हिंदुस्थानच्या पहिल्या कसोटी सामन्याचें नायकत्व. पन्नाशी उलटल्यावरही ते होळकर संघाचे नायक होतेच. त्यांच्या नांवें चालणाऱ्या स्पर्धेंत ‘कर्नल’ हें इंदूरचें पद आजही कायम आहे. आम्हां नागपूरकरांस अभिमान जन्मस्थानाचा. पोसलें तें इंदुरानें, आणि ता. १४ नोव्हेंबर १९६७ रोजीं त्यांनीं देह ठेविला तोही तेथेंच.