दिग्व्रत आणि दरीची वाट

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावरून ‘ग्रँडव्ह्यू’ ही जुनी पायवाट दरीत उतरते. तांब्याच्या खाणीसाठी पीट बेरी व त्यांच्या भागीदारांनी ती बांधली. १८९३ मध्ये ती वापरात आली. खनिज उत्तम प्रतीचे होते. परंतु ते खेचरांच्या पाठीवरून वर आणण्याचा खर्च भारी पडे. १९०७ मध्ये तांब्याचे भाव कोसळले आणि खाण बंद पडली.

आज या वाटेने पदयात्री उतरतात. हॉर्सशू मेसा या पठारापर्यंतचे अंतर सुमारे पाच किलोमीटर, उतार साडेसातशे मीटरहून अधिक. वाटेत पाणी नाही. डोंगरावर आधी चढ असतो, येथे आधी उतार. सकाळी ताज्या पायांनी माणूस सहज खाली जातो. परतीच्या चढाला मात्र दुप्पट वेळ लागतो, तोही उन्हात. उतार हे उधारीचे सुख आहे. त्याची फेड चढावर करावी लागते. म्हणून जाणता पदयात्री कोठून परतायचे हे निघण्यापूर्वीच ठरवतो व परतीचे पाणी वेगळे राखतो.

श्रावकाच्या दिग्व्रतात चार दिशांबरोबर ऊर्ध्व आणि अधो दिशांचीही मर्यादा सांगितली आहे. ती ओलांडणे हा अतिचार आहेच. घेतलेली मर्यादा विसरणे हादेखील अतिचार मानला आहे. व्रताचा हेतू लोभ व हिंसा आवरण्याचा. पण त्यामागील विवेक या दरीतही पटतो. मोह पुढे उभा असताना मर्यादा आखता येत नाही. ती उंबरठ्यावरच आखावी लागते.